अंधाराचा पत्ता

सारंगखेडा हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते घोड्यांमुळे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीच्या काठी वसलेल्या या गावी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्या निमित्ताने दूरदूरच्या प्रांतांतले घोडे, त्यांचे व्यापारी आणि शौकीन येथे उतरतात. त्या घोडेबाजारावर लिहिणारे पुष्कळ आहेत. या धाग्याचा विषय आहे तो यात्रेच्या मैदानात रात्री जे दिवे लागतात त्यांच्यामागची तार; अधिक नेमके सांगायचे तर, ती तार एखाद्या रात्री मुकी झाली म्हणजे ती कोठे दुखावली हे हुडकून काढण्याची विद्या.

वीज गेली की गावात दोन प्रश्न उठतात: का गेली, आणि कधी येईल? या दोहोंच्या मध्ये एक तिसरा प्रश्न असतो, तो फक्त लाईनमनला पडतो. बिघाड आहे कुठे? फुटलेला इन्सुलेटर बदलणे, निसटलेला जंपर पुन्हा बांधणे, तुटलेली तार ओढून जोडणे ही कामे सामान हाताशी असेल तर फार वेळ खात नाहीत. रात्र सरते ती शोधण्यात.

विजेचा इतिहास आपल्याकडे उद्घाटनांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावली. १९१५ साली खोपोलीच्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, १९६२ साली कोयनेची वीज वाहू लागली. स्पर्धापरीक्षेच्या वहीत या तारखा ओळीने बसतात. त्या खोट्या नाहीत. पण त्यांतून वीज पहिल्यांदा कधी आली एवढेच कळते. ती त्यानंतर कितीदा गेली, किती वेळ गेली आणि कोणाच्या घरची अधिक वेळ गेली, हे त्या वहीत कोठेच नाही.

‘विद्युतीकरण झालेले गाव’ या शब्दाची सरकारी व्याख्याच पाहावी. १९९७ पर्यंत, गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली की ते गाव विद्युतीकृत धरले जाई. शिवारातल्या एका विहिरीवर मोटार चालू झाली, गाव उजळले; मग गावठाणात कंदील का असेनात. २००४ साली व्याख्या कडक झाली आणि किमान १० टक्के घरांत, तसेच शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागांत वीज असण्याची अट आली. दोन्ही व्याख्यांत एक गोष्ट समान आहे. वीज पोहोचल्याची नोंद होते, टिकल्याची होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या आकडेवारीपुढे थोडे थबकावे, ते याचसाठी.

आता जरा मागे जावे लागेल, कारण बिघाडाची जागा दुरून ओळखण्याचे शास्त्र विजेच्या दिव्याहून जुने आहे. ते जन्मले तारायंत्राच्या पोटी.

हिंदुस्थानात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ साली कलकत्त्याजवळ तारेचे प्रयोग केले. १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तार चालू झाली आणि १८५५ पर्यंत मुंबई, आग्रा, मद्रास ही शहरे जोडली गेली. मुंबईहून आग्र्याकडे जाणारी तार खानदेश ओलांडून इंदूरमार्गे गेली. ओशॉनेसीने युरोपातल्या नाजूक तारेऐवजी जाडजूड लोखंडी तार वापरली. इथल्या घारी आणि माकडे तिच्यावर बसणार, लोंबकळणार हे त्याने गृहीत धरले होते. (परदेशातून आणलेले तंत्र इथल्या माकडांशी विचारविनिमय करूनच उभे करावे लागते, हा धडा पुढच्या अनेक अभियंत्यांनी नव्याने गिरवला.) जमिनीवरची ही तार तुटली की ती उघड्या डोळ्यांना दिसे. ठाण्याठाण्यांच्या दरम्यान माणूस चालत जाई आणि तुटके टोक शोधून काढी. १८५७ च्या उठावात तारा तोडल्या गेल्या तेव्हाही त्या अशाच, चालत जाऊन सांधल्या गेल्या.

समुद्रात चालता येत नाही. १८५८ साली अटलांटिकच्या तळाशी टाकलेली तार जेमतेम तीन आठवडे बोलली आणि कायमची गप्प झाली. १८५९-६० साली तांबड्या समुद्रातून एडनमार्गे कराचीपर्यंत आणलेली तार तर धडपणे चाललीच नाही. ब्रिटिश सरकारने तिच्या भांडवलावर व्याजाची हमी दिली होती; त्यामुळे त्या मेलेल्या तारेचे पैसे सरकारी तिजोरी पुढे कित्येक वर्षे भरत राहिली. लंडनला आता कळून चुकले की, समुद्राच्या तळाशी हजार मैल पसरलेल्या वस्तूचे दुखणे किनाऱ्यावर बसून ओळखता आले नाही तर हा धंदाच बुडेल.

उपाय तारेच्या अंगातच होता. तार जितकी लांब तितका तिचा विजेला होणारा रोध अधिक. म्हणजे किनाऱ्यावरून बिघाडापर्यंतचा रोध मोजला तर अंतर काढता येईल. रोध मोजण्याचा चौकोनी जोड सॅम्युएल ख्रिस्टीने १८३३ साली मांडला आणि चार्ल्स व्हीटस्टनने १८४३ साली लोकप्रिय केला; नाव अर्थातच लोकप्रिय करणाऱ्याचे लागले. अडचण एवढीच होती की रोध मोजायचा तो कशात? प्रत्येक कंपनीचे माप वेगळे. एकाचा ‘मैल’ दुसऱ्याच्या तारेला लागू पडेना. म्हणून १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने विद्युत मापांसाठी समिती नेमली. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचा लॉर्ड केल्व्हिन, तिचा प्राण होता. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातला ‘ओहम’ प्रमाणित झाला तो या धडपडीतून. शुद्ध ज्ञानाची ओढ त्यात होतीच, पण समुद्रात हरवलेल्या भांडवलाचा पत्ता शोधण्याची निकड तिच्याहून मोठी होती. विज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार आढळते आणि पाठ्यपुस्तकात क्वचितच येते.

त्याच काळातली मरे लूप ही पद्धत आजही अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षांत शिकवतात. ती समजायला गणित फारसे लागत नाही. बिघडलेल्या तारेशेजारी एक धड तार घ्यायची आणि पलीकडच्या टोकाला दोन्ही एकत्र जोडायच्या. आता इकडच्या टोकापासून निघून परत इकडेच येणारा एक फेरा तयार झाला. केबल १,००० मीटरची असेल तर फेरा २,००० मीटरचा. मोजणीच्या जोडातले दोन रोध असे जुळवायचे की काटा शून्यावर येईल. ते ३ ला १ या प्रमाणात जुळले, तर फेऱ्याचा एक चतुर्थांश, म्हणजे ५०० मीटर अंतरावर बिघाड आहे. कोणी पाऊल उचलले नाही, कोणी समुद्रात उडी घेतली नाही, तरी जागा कळली. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत तार टाकली, तोवर ही मोजणी केबल कंपन्यांच्या नित्यपाठातली झाली होती.

हीच विद्या मग शहरांच्या रस्त्यांखाली शिरली. मुंबई शहरात वीज जमिनीखालच्या केबलांतून फिरते आणि जमिनीखालची केबल समुद्रातल्या केबलसारखीच डोळ्यांआड असते. दुसऱ्या महायुद्धात रडार आले, त्याच्या पाठोपाठ आणखी एक युक्ती आली: केबलमध्ये विजेचा एक क्षणिक ठोका सोडायचा आणि बिघाडावर आपटून तो परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचे. ठोका केबलमधून सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सुमारे १६० मीटर जातो. असे १० भाग लागले तर जाऊन-येऊन १,६०० मीटर, म्हणजे बिघाड ८०० मीटरवर. मग त्या जागी जाऊन केबलला उच्च दाबाचे धक्के द्यायचे आणि जमिनीला यंत्र लावून ‘धप्’ असा आवाज ऐकायचा. रस्ता खणायचा तो तेवढाच. ही सारी सामग्री एका गाडीत मावते. महानगरातली वीज कंपनी अशी गाडी बाळगते, कारण चुकीच्या जागी रस्ता खणणे तिला गाडीपेक्षा महाग पडते.

आणखी वरच्या पायरीवर, म्हणजे ४०० केव्हीच्या पारेषण वाहिन्यांवर, तर बिघाडाचे अंतर रिले स्वतःच सांगतो. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर भारत अंधारात गेला तेव्हा बिना-ग्वाल्हेर वाहिनी किती वाजून किती मिनिटांनी तुटली आणि तिच्यामागून कोणती गेली, याचा क्रम चौकशी समितीला क्षणाक्षणाने मांडता आला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हाही तशीच चौकशी झाली. मोठ्या अंधाराची कुंडली मांडली जाते.

आता पुन्हा तापीकाठी यावे.

सारंगखेड्यासारख्या गावाला वीज मिळते ती ३३/११ केव्हीच्या उपकेंद्रातून निघणाऱ्या ११ केव्हीच्या फिडरवरून. हा फिडर म्हणजे एक सरळ तार नव्हे; ते झाड आहे. खोड उपकेंद्रातून निघते, त्याला वाटेत फांद्या फुटतात, फांद्यांना डहाळ्या, आणि डहाळीच्या टोकाला डीपी, ज्याला कागदोपत्री रोहित्र म्हणतात. एक डहाळी गावठाणात जाते, दुसरी केळीच्या बागेत, तिसरी उसात, चौथी नदीकाठच्या मोटारींकडे. नवे कनेक्शन निघाले की नवी डहाळी. हे झाड वाढत गेले ते मागणीच्या रेट्याने, नकाशाच्या आधाराने क्वचितच.

आणि इथे मरेची युक्ती थकते. समजा, उपकेंद्रात बसून मोजणी केली आणि बिघाड १२ किलोमीटरवर आहे असे उत्तर आले. सरळ केबलमध्ये १२ किलोमीटरवर एकच जागा असते. झाडात खोडापासून १२ किलोमीटरवर पाच-सहा जागा असू शकतात, प्रत्येक वेगळ्या फांदीवर, वेगळ्या शिवारात. शिवाय रोध मोजताना मध्ये चालू असलेले पंप, तारेच्या बदलत्या जाड्या, बिघाडाच्या जागी जमिनीचा स्वतःचा रोध हे सगळे मोजणीत मिसळते. शास्त्र चुकत नाही, पण ते ज्या वस्तूसाठी घडले ती वस्तू इथे नाही.

मग गावाकडे काय होते? फिडर ट्रिप झाला की उपकेंद्रातला ऑपरेटर रिलेचे निशाण पाहतो. निशाण दोन गोष्टी सांगते: प्रवाह फार वाढला, किंवा प्रवाह जमिनीत गेला. कोणत्या गावाच्या जमिनीत, ते सांगत नाही. ऑपरेटर एकदा चार्ज करून पाहतो. फांदी लागून गेली असेल, पक्षी बसून उडाला असेल, तर फिडर टिकतो. पुन्हा ट्रिप झाला तर फोन लाईनमनला. तो मोटारसायकल काढतो, वाटेतल्या पहिल्या एबी स्विचपाशी जातो, स्विच उघडून पुढचा भाग तोडतो आणि फोन लावतो.

‘भाऊ, आता चार्ज करून बघा.’
‘टिकली. तुझ्या पुढेच आहे ते, नाना.’

मग तो पुढच्या स्विचपाशी. ज्यांनी संगणकशास्त्राचे पहिले धडे घेतले आहेत त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. फिडरचे १६ भाग असतील आणि दर वेळी उरलेल्याचे निम्मे वगळता आले, तर चार चाचण्यांत बिघाडाचा भाग सापडतो. संगणकाच्या पुस्तकांत या युक्तीला भारदस्त नाव आहे. शहाद्याच्या शिवारात ती चिखलातून, विजेरीच्या उजेडात, पावसाळ्यात फणा काढून बसलेल्या पाहुण्यांना टाळत केली जाते आणि तिला नुसते ‘फॉल्ट काढणे’ म्हणतात. ज्ञानाची प्रतिष्ठा ते कोणत्या खोलीत वापरले जाते यावर ठरते, अशी शंका इथे आल्यावाचून राहत नाही.

पुस्तकी पद्धत आणि लाईनमनची पद्धत यांत एक फरक आहे आणि तो लाईनमनच्या बाजूने आहे. तो निम्म्यापासून सुरुवात करीलच असे नाही. त्याला झाडाची प्रकृती ठाऊक असते. मृगाचा पहिला शिडकावा झाला आणि ट्रिपिंग सुरू झाले, तर उन्हाळाभर इन्सुलेटरवर साचलेली धूळ ओली झाली हे तो ताडतो. जोराच्या पावसाने ती धुऊन जाते, शिडकाव्याने तिचा चिखल होतो आणि चिखलातून वीज वाट काढते. मार्गशीर्षात पहाटे ट्रिप होऊन दहा वाजता आपोआप टिकणारा फिडर असेल, तर कोठेतरी केसाएवढी तडा गेलेला पिन इन्सुलेटर दवात भिजतो आणि उन्हात सुकतो. वैशाखातल्या वावटळीनंतर तो आधी सैल तारांचा गाळा पाहायला जातो. सैल तारा एकमेकींना लागल्या की ठिणग्या पडतात, आणि खाली वाळलेला ऊस असेल तर फडच्या फड पेटतो. ही माहिती कोणत्याही नकाशात नाही. ती माणसाच्या डोक्यात आहे आणि माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर घरी जाते.

धड नकाशा नसण्याची आणि वारंवार चार्ज करून पाहण्याची किंमत केवळ वेळेत मोजता येत नाही. बिघाडावर पुन्हा चार्ज केले की प्रत्येक वेळी रोहित्र, तारा आणि जोड यांच्यावर जबर आघात होतो. तार तुटून रस्त्यावर पडली असेल तर ती पुन्हा जिवंत होते. परमिट घेतल्याशिवाय खांबावर चढायचे नाही हा नियम आहे. पण दोन फिडर एकाच खांबावरून जात असतील, किंवा कोणाच्या जनित्रातून उलटी वीज येत असेल, तर परमिटही पुरत नाही. महाराष्ट्रात वीज कर्मचाऱ्यांच्या मृत्यूच्या बातम्या वाचणाऱ्याला हा तपशील नवा नाही. महावितरणने लाईनमनला ‘जनमित्र’ असे गोड नाव दिले आहे. गावोगावी त्याच्या हाताखाली, कोणत्याही हजेरीपटावर नसलेला एक तरुण असतो, त्याला लोक ‘झिरो वायरमन’ म्हणतात. खांबावर पुष्कळदा तोच चढतो. या दोन नावांमधले अंतर एका वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

सगळ्यांत घातक बिघाड तो, जो उपकेंद्राला कळतच नाही. तुटलेली तार ओल्या काळ्या जमिनीवर पडली तर प्रवाह बराच जमिनीत जातो आणि रिले कामाला येतो. तीच तार कोरड्या वाळूवर, खडकाळ बांधावर किंवा डांबरी रस्त्यावर पडली तर प्रवाह इतका थोडा जातो की रिलेला तो एखाद्या पंपासारखाच वाटतो. फिडर चालू राहतो, गावात दिवे जळतात, आणि बांधावर जिवंत तार पडून असते. तिचा शोध मग बैलाला लागतो, शेळीला लागतो, पहाटे पाणी द्यायला निघालेल्या माणसाला लागतो.

घोडेबाजाराच्या गावात ही गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. जमिनीत वीज उतरते तेव्हा त्या जागेभोवती दाब वर्तुळावर्तुळाने कमी होत जातो. त्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्राण्याचे दोन पाय जितके दूर, तितका त्यांच्यामधला दाबाचा फरक अधिक. माणसाचे पाऊल आखूड असते. शिवाय एका पायातून दुसऱ्या पायात जाणारा प्रवाह बहुतांशी कमरेखालून जातो. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे, खुरांना लोखंडी नाल, आणि वाटेत हृदय. म्हणून जिथे माणसाला नुसत्या मुंग्या येतात तिथे जनावर कोसळते. १९०८ साली लंडनच्या माईल एंड रस्त्यावर ट्रामसाठी जमिनीत विजेच्या खुंट्या पुरल्या होत्या. ट्राम पुढे गेल्यावरही काही खुंट्यांत वीज राही आणि ती पहिल्यांदा कळली ती गाड्यांच्या घोड्यांना. प्रयोग काही आठवड्यांत गुंडाळावा लागला. जत्रेच्या मैदानातली तात्पुरती जोडणी, मातीत पुरलेली वायर आणि दव पडलेली रात्र यांचा विचार करताना सारंगखेड्याच्या व्यवस्थापकांनी अभियंत्याइतकेच घोड्याच्या मालकाचेही ऐकावे. घोडा बिथरतो तेव्हा दर वेळी तो हट्टीच असतो असे नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. उघड्या तारेचा बिघाड डोळ्यांना दिसतो, चालत जाऊन सापडतो. मग जमिनीखालच्या केबलची महागडी सामग्री खेड्यात आणायची कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. मुंबईची गाडी शहाद्यात आणून उपयोग नाही, हे वर आलेच. मात्र झाडासारख्या फिडरसाठी वेगळे आणि साधे साधन उपलब्ध आहे. फांदी फुटते तिथे तारेवर बसवायचा एक निर्देशक असतो. बिघाडाचा प्रवाह त्याच्यातून गेला की तो लुकलुकतो किंवा निशाण दाखवतो, आणि नवे प्रकार मोबाईलच्या जाळ्यातून संदेशही पाठवतात. मोजणी सांगते ‘१२ किलोमीटर’, निर्देशक सांगतो ‘तिसरी फांदी’. दोन्ही मिळून एकच जागा उरते. या साधनात नवल वाटावे असे काही नाही. जगात ते अनेक दशके वापरात आहे. तुटलेली तार कोरड्या जमिनीवर पडल्याचे ते ओळखत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण लाईनमनची निम्मी रात्र ते वाचवते.

मग ते प्रत्येक फांदीवर का नाही? इथे तंत्रज्ञान संपते आणि इतिहास सुरू होतो. समुद्रातल्या तारेचा बिघाड शोधण्यासाठी साम्राज्याने एक नवे माप घडवले, कारण तार बंद असलेला प्रत्येक दिवस लंडनच्या व्यापाऱ्याच्या वहीत नुकसान म्हणून उतरत होता. शहरात केबलची गाडी आली, कारण तिथल्या तासाभराच्या अंधाराला भाव आहे. कापसाच्या किंवा पपईच्या शेतात रात्री दोन वाजता आलेले आणि तीन वाजता गेलेले पाणी कोणाच्याच ताळेबंदात धरले जात नाही. राज्याच्या वीज नियामक आयोगाने २००३ च्या कायद्यानुसार ‘कृतीची मानके’ ठरवली, मुदतीत वीज न आल्यास भरपाईची तरतूद केली, हे मोठेच पाऊल होते. पण त्या मानकांतही शहराला द्यायची मुदत थोड्या तासांची आणि ग्रामीण भागाला द्यायची मुदत त्याहून बरीच मोठी आहे. अंतर, मनुष्यबळ, रस्ते अशी कारणे दिली जातात आणि ती खरी आहेत. तरीही एकाच कायद्याने एका नागरिकाचा अंधार दुसऱ्याच्या अंधारापेक्षा स्वस्त ठरवला, ही नोंद इतिहासात व्हायला हवी.

ती होईल कशी? साधने लागतील. आणि साधने आहेत. उपकेंद्रात लॉगशीट असते, ब्रेकडाऊन रजिस्टर असते. फिडरचे नाव, गेल्याची वेळ, रिलेचे निशाण, आल्याची वेळ, आणि शेवटच्या रकान्यात कारण: झाडाची फांदी, पक्षी, जंपर तुटला, कारण सापडले नाही. एखाद्या ऑपरेटरच्या वळणदार हस्ताक्षरातले हे रजिस्टर म्हणजे त्या परिसराची बखरच. कोणत्या वर्षी वादळे अधिक झाली, कोणत्या डहाळीवर पंप वाढले, शेतीचा आणि गावठाणाचा फिडर वेगळा झाल्यावर रात्री किती बदलल्या, अंधार कोणाच्या वाट्याला सर्वांत लांब आला: हे सारे त्यातून वाचता येईल. हल्ली नोंदी संगणकावर जाऊ लागल्या आहेत, चांगलेच आहे. पण जुनी रजिस्टरे मुदत संपली की रद्दीत जातात. कोणत्याही कार्यालयाला दोष द्यावा असे त्यात काही नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही की ही इतिहासाची साधने आहेत.

खानदेशाला तर हे सांगावे लागू नये. वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून, वाण्याच्या पुड्या बांधायला निघालेली दप्तरे वाचवत हिंडले आणि १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यात वारले. त्यांचे कागद सांभाळणारी संस्था आजही धुळ्यात आहे. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापली जात होती, तेव्हा हिशेबाचे फडके, रोजकीर्दी आणि घरगुती पत्रे यांत इतिहास कसला, असे विचारणारे होतेच. आज त्याच कागदांवरून अठराव्या शतकातले बाजारभाव सांगितले जातात.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. विद्युत मंडळाचे ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन महावितरण निर्माण झाले. म्हणजे तापीकाठच्या एखाद्या उपकेंद्राचे कागद दोन जिल्ह्यांच्या आणि दोन संस्थांच्या कपाटांत विखुरले असण्याचा संभव आहे. या धाग्याचे जे वाचक नंदुरबार, शहादा, दोंडाईचा, शिरपूर इथल्या महाविद्यालयांत इतिहास शिकत आहेत, त्यांच्या लघुप्रबंधाला विषय हवा असेल तर एका उपकेंद्राची, एका फिडरची, एका पावसाळ्याची रजिस्टरे पुरेशी आहेत. रीतसर अर्ज करावा, परवानगीने छायाचित्रे घ्यावीत. आणि त्या फिडरवर वीस-पंचवीस वर्षे चाललेला एखादा निवृत्त लाईनमन गाठून कागदावर झाड काढायला सांगावे: खोड कुठून निघते, फांदी कुठे फुटते, कोणत्या खांबावर तडा गेलेला इन्सुलेटर तीनदा बदलला. त्याने काढलेले झाड आणि रजिस्टरातला शेवटचा रकाना शेजारी ठेवून पाहावेत. ‘कारण सापडले नाही’ असे जिथे लिहिले आहे, तिथले कारण त्याला बहुधा आठवत असेल.